फ्लेक्स लावण्याआधी: गेलेल्या खेळाडूची नोंद आणि त्याचा सामना

सांगली-मिरजेत जुना फुटबॉलपटू गेला की संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. मधे फोटो, खाली दोन तारखा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली चाळीस नावं. शोकसभेत चार जण बोलतात: मैदानावरचा वाघ, दिलदार माणूस, कधीही भरून न निघणारी पोकळी. बोलणारे मनापासूनच बोलतात. पण दहा वर्षांनी क्लबातल्या एखाद्या पोराने विचारलं की हे काका खेळायचे कुठे, हाफला की फॉरवर्डला, डाव्या पायाचे की उजव्या, तर उत्तर द्यायला कुणी नसतं. वाघ तर सगळेच होते.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले जर्नैल सिंग आठवा. मूळचे बचावातले, स्टॉपर. स्पर्धेत डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. ४ सप्टेंबरच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, २० व्या मिनिटाला जर्नैल सिंग यांचा, आणि भारत २-१ ने जिंकला. यात एकही विशेषण नाही, तरी माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. जागा, मिनिट, जखम, स्कोअर एवढ्यावर काम भागलं.

आपल्या गल्लीतल्या खेळाडूचं हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि लिहायला मिळणारे दिवस मोजके असतात. तेरावं झालं की घर आवरायला काढतात. माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरते, बूट भंगारात जातात, जर्सीचं फडकं होतं, कात्रणं रद्दीत जातात. त्यात कुणाची चूक नसते. घरच्यांना त्या कागदांचं मोल कुणी सांगितलेलंच नसतं.

घरी जाताना

दहा जणांनी जाऊ नये, दोघांनी जावं. त्यातला एक घरच्यांच्या ओळखीचा असावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पेटीचा विषय काढू नये. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली की साध्या शब्दांत विचारावं, ‘‘वहिनी, दादांचे खेळातले फोटो असतील तर इथंच बसून बघतो, बाहेर काही नेत नाही.’’ हे ‘बाहेर नेत नाही’ फार महत्त्वाचं आहे. ‘स्मरणिकेसाठी’ म्हणून नेलेले आणि परत न आलेले फोटो बऱ्याच घरांना माहीत असतात, म्हणून माणसं हात आखडता घेतात. नेण्याशिवाय इलाजच नसेल तर कागदावर संख्या लिहून सही करून द्यावी: फोटो इतके, कात्रणं इतकी, प्रमाणपत्रं इतकी, परत कधी देणार.

घरातल्या घरात फोटोंचे फोटो काढायचे असतील तर खिडकीजवळ टेबल घ्या, ट्यूबलाइट बंद करा, फ्लॅश तर नकोच. चकचकीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका चेहऱ्यावर पडतो. मोबाइल फोटोला समांतर धरला नाही तर कडेची माणसं वाकडी-लांबट दिसतात. स्कॅनर मिळाला तर उत्तम. ४×६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, मोठी फ्रेम करायला तेवढे भरपूर. आणि स्कॅन ग्रुपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सॲप तो इतका दाबतं की मागच्या रांगेतले चेहरे पुसट होऊन जातात.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढायचे नाहीत. त्या पानांवरचा गोंद वर्षांनी पिवळा पडून फोटोला घट्ट धरतो, आणि ओढलं की फोटोचा पाठचा थर पानाला राहतो. दात साफ करायचा नायलॉनचा दोरा फोटोच्या एका कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा सावकाश पुढे-मागे न्यायचा. तरीही निघत नसेल तर तसाच, पानासकट स्कॅन करायचा.

कृष्णाकाठच्या घरांत पाण्याचाही प्रश्न आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत खालच्या कपाटांमधले अल्बम भिजले. २०१९ ला तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. असे भिजून एकमेकांना चिकटलेले गठ्ठे अजून पेट्यांमधून निघतात. वाळलेला गठ्ठा सोलू नका. फोटोवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. तो वाळताना समोरच्या फोटोला डिंकासारखा धरतो. स्वच्छ थंड पाण्याच्या ट्रेमध्ये गठ्ठा ठेवायचा आणि आपणहून सैल होतील तेवढेच फोटो सुटे करायचे. कोमट पाणी नको, त्याने जिलेटिन विरघळतं. सुटलेला फोटो चित्राची बाजू वर करून जुन्या सुती कापडावर सावलीत वाळवायचा. वर्तमानपत्रावर ठेवला तर शाई उतरते. आधी एका कमी महत्त्वाच्या फोटोवर करून पाहा. पुढे कधी फोटो ताजे भिजले आणि दोन दिवसांत हे काम होण्यासारखं नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येतं.

कात्रणांचं दुखणं वेगळं. बातमी कापून ठेवणाऱ्याने तारीख कापून टाकलेली असते. अशा वेळी कात्रणाची मागची बाजू बघायची. सिनेमाची जाहिरात, सोन्याचा भाव, निवडणुकीची बातमी, कशावरून तरी साल आणि बऱ्याचदा महिनाही पक्का करता येतो. मग वाचनालयातल्या जुन्या बाडात तो महिना चाळायचा. कात्रणाला सेलोटेप लावू नका, फेविकॉलने वहीत चिकटवू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी, तो पिवळा पडणारच. टेप आणि गोंदाने तो जास्त लवकर जातो, आणि लॅमिनेशन एकदा केलं की परत काढता येत नाही.

कोण कुठे उभं आहे

संघाचा ग्रुप फोटो सापडला की त्याची मोठी प्रिंट काढून वर पातळ ट्रेसिंग पेपर लावावा आणि प्रत्येक डोक्यावर आकडा टाकावा. उभे डावीकडून १ ते इतके, बसलेले इतके ते इतके. मग जुन्या जोडीदारांकडून नावं घ्यावीत, पण वेगवेगळी. दोघे एकत्र बसले की मोठ्याने बोलणारा सांगेल ते दुसरा मान्य करतो. दोघांनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितलं तर पक्कं. नाहीतर दोन्ही नावं प्रश्नचिन्ह लावून लिहा, आणि कुणीच ओळखलं नाही तर ‘अनोळखी’ लिहा. अंदाजाने घातलेलं नाव पुढच्या स्मरणिकेत छापलं जातं आणि मग तेच खरं होऊन बसतं.

जुन्या कृष्णधवल फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हात न दाबता लिहावं. बॉलपेनने दाब पुढच्या बाजूला उमटतो, स्केचपेनची शाई आरपार येते. रंगीत प्रिंटचा पाठचा कागद गुळगुळीत, त्यावर पेन्सिल चालत नाही. तो फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहायचं.

जुन्या जर्सीचा नंबर बरंच सांगतो. दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड अशी मांडणी होती तेव्हा १ गोलकीपर, २ आणि ३ बॅक, ४-५-६ हाफ, ७ राइट आउट, ८ राइट इन, ९ सेंटर फॉरवर्ड, १० लेफ्ट इन, ११ लेफ्ट आउट. नंतर मांडणी बदलली, पाचाचा सेंटर हाफ मागे सरकून स्टॉपर झाला, तरी नंबर पाठीवर तोच राहिला. म्हणून ‘पाच नंबर’ ऐकलं की साल विचारा. १९५० सालचा पाच आणि १९७५ सालचा पाच यांचं काम एक नाही.

आता बोलणं रेकॉर्ड करण्याबद्दल. मोबाइल विमान मोडवर, हातभर अंतरावर, खाली घडी घातलेला टॉवेल, पंखा बंद. ‘‘अण्णा, ते खेळाडू म्हणून कसे होते?’’ असं विचारलं की ‘‘फार मोठा माणूस बघा’’ एवढंच मिळतं. त्याऐवजी एका कोऱ्या कागदावर मैदान आखून अण्णांच्या पुढ्यात ठेवा, आणि वाटीत अकरा शेंगदाणे आणि अकरा चिंचोके द्या. शेंगदाणे आपली टीम, चिंचोके समोरची. ‘‘कॉर्नर मिळालाय. कोण मारतंय? आणि ह्यो कुठं हुबा?’’ एवढं विचारून गप्प बसायचं. हात आधी हलतो, मग तोंड. एक शेंगदाणा पेनल्टी एरियाच्या टोकाशी जातो, थोडा मागे येतो, परत पुढे. ‘‘हितं न्हाई. ह्यो कवाच आत हुबा ऱ्हायचा न्हाई. भायेर थांबायचा, बॉल सुटून आला की मारायचा.’’ झालं, एवढ्यासाठीच आलो होतो. ते वाक्य जसंच्या तसं, त्याच बोलीत लिहून ठेवायचं. त्याची प्रमाणभाषा करायची नाही. शेंगदाण्यांच्या मांडणीचा वरून एक फोटोही घ्यायचा.

बूट आणि बॉल यांच्याबद्दल जरूर विचारा. कातडी स्टड बुटाच्या तळाला खिळ्यांनी ठोकलेले असत, झिजले की खिळा वर येऊन पायात घुसायचा. लेसचा चामडी बॉल पावसात पाणी पिऊन जड व्हायचा आणि लेसची गाठ कपाळाला लागायची. हेड कोण घ्यायचा आणि कोण टाळायचा, हे या बॉलमुळे खेळाडूंच्या पक्कं लक्षात असतं.

आठवण चुकू शकते, त्यासाठी काही साधे निकष कामाला येतात. लाल-पिवळी कार्डं वर्ल्डकपमध्ये पहिल्यांदा १९७० ला दिसली. बदली खेळाडूही वर्ल्डकपमध्ये त्याच साली आले. टायब्रेकरला, म्हणजे बरोबरीनंतर पेनल्टी मारून निकाल लावण्याला, नियमांत मान्यता मिळाली तीही १९७० मध्येच. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाची सेमीफायनल नाणं उडवून ठरली होती. तेव्हा कुणी म्हणालं की १९६५ ची फायनल टायब्रेकरवर जिंकली, तर एक तर साल चुकलंय किंवा सामना टॉसवर नाहीतर पुन्हा खेळून सुटलाय. बोलणाऱ्याला तिथल्या तिथे खोडून काढू नका. घटना बहुधा खरी असते, साल सरकलेलं असतं. पुढच्या भेटीत ‘‘तेव्हा बदली खेळाडू घेता यायचा का?’’ असं विचारलं की साल आपोआप जागेवर येतं.

सामना

आठ संघांचा स्मृतिचषक जाहीर करण्याची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाद पद्धतीने आठ संघांचे सात सामने, सोळांचे पंधरा. पंच, मैदान, बक्षिसं, चहा हे सगळं तितक्या पटीने वाढतं आणि दोन-तीन वर्षांत देणगीदार थकले की चषक बंद पडतो. बंद पडलेला स्मृतिचषक घरच्यांना फार लागतो. त्यापेक्षा दर वर्षी एक ठरलेली तारीख आणि एकच सामना: क्लबाचे जुने विरुद्ध नवे, किंवा ज्या संघाशी त्यांची आयुष्यभर चुरस होती तो संघ. एक सामना पन्नास वर्षं चालू शकतो.

तारीख पुण्यतिथीची असावी असा आग्रह नको. पुण्यतिथी जुलै-ऑगस्टात आली तर काळ्या मातीच्या मैदानावर बूट वीतभर रुततो आणि स्टडमध्ये मातीचे गोळे होतात. एप्रिल-मेमध्ये त्याच मातीला भेगा पडतात, घोटा अडकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. मात्र डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून कार्यक्रम चारला सुरू, किक-ऑफ चार वीसला, ३०-३० मिनिटांचे दोन हाफ, मधे १० मिनिटं. मैदान पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड असलेल्या गोलकीपरच्या डोळ्यांवर थेट ऊन येतं. त्याला टोपी घालायला नियमात मुभा आहे, एक जादा टोपी बेंचवर ठेवा.

महापालिकेचं मैदान असेल तर अर्ज आधी द्या, लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी लागते, आणि फ्लेक्स लावणारच असाल तर त्याचीही परवानगी घ्या. विनापरवाना फ्लेक्स उतरवला जातो, आणि त्या माणसाचा फोटो ट्रॉलीत उलटा पडलेला बघायला कुणालाच आवडत नाही.

मैदान आखायचं १०० × ६४ मीटर, जागा कमी असेल तर ९० × ५० सुद्धा नियमात बसतं. काटकोनासाठी दोरीने ९-१२-१५ मीटरचा त्रिकोण करा. ३-४-५ मीटरचा केला तर लहानशी चूक टोकाला जाऊन हातभर होते. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. १०० × ६४ ला कर्ण ११८.७ मीटर भरला पाहिजे आणि दोन्ही सारखे आले पाहिजेत. गोल ७.३२ × २.४४ मीटर. पेनल्टी एरिया पोस्टच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर बाजूला आणि १६.५ मीटर आत, म्हणजे एकूण रुंदी ४०.३२. गोल एरिया ५.५, त्याची रुंदी १८.३२. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, वर्तुळ ९.१५ चं, कॉर्नरचा कंस १ मीटरचा. सगळ्यात जास्त चुकतो तो पेनल्टी एरियाबाहेरचा कंस. तो एरियाच्या रेषेच्या मध्यावरून काढतात. काढायचा असतो पेनल्टीच्या ठिपक्यावर खुंटी ठोकून, ९.१५ च्या दोरीने. रेषांची एकूण लांबी जवळपास ७०० मीटर होते, त्या हिशेबाने फक्की आणा. अर्ध्यात संपली की उरलेल्या मैदानावर रेषा बोटभर जाडीच्या होतात. फक्की खडूच्या भुकटीची घ्या. भिंतीला लावायचा चुना नको, घसरलेल्या खेळाडूच्या डोळ्यात किंवा खरचटलेल्या जागी गेला तर भाजतो.

हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर मागच्या पाइपवर वाळूची पोती टाका किंवा जमिनीत खुंट्यांना बांधा. क्रॉसबारला लोंबकळणारी पोरं प्रत्येक मैदानावर असतात, आणि मोकळा पोस्ट पुढे पडला तर जीव जातो. जाळी पंचांनी बघायच्या आधी आपण बघायची, विशेषतः खालची कड आणि कोपरे.

बॉल पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंमी, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. नियमात हवा ८.५ ते १५.६ पीएसआयपर्यंत चालते, पण मुरुमाच्या टणक मैदानावर ९ च्या आसपास ठेवा. जास्त भरली तर बॉल नुसता उसळत राहतो आणि म्हाताऱ्या पायांना तो थांबवता येत नाही. पंपाची सुई ओली करून घाला. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि बॉल हाफटाइमपर्यंत बसतो. तीन बॉल तयार ठेवा.

काळ्या पट्ट्या सेफ्टी पिनने लावू नका. पंच अशा खेळाडूला आत घेणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. रिबीन बांधली तर पहिल्या पाच मिनिटांत कोपरावर घसरते. पाच सेंमी रुंदीचं काळं इलॅस्टिक घ्या, २८ सेंमीचे तुकडे शिवून गोल करा. दोन्ही संघांचे मिळून ३६ खेळाडू, पंच आणि राखीव धरून ४० पट्ट्या लागतील, म्हणजे साधारण सव्वाअकरा मीटर. कप्तानाची पट्टी डाव्या दंडाला असते म्हणून काळी सगळ्यांनीच उजव्या दंडाला लावावी. जर्सीच काळी किंवा गडद निळी असेल तर पट्टी पांढरी घ्या.

आपल्याकडे मैदानाच्या मध्यावर नारळ फोडतात. फोडा, पण कडेच्या रेषेच्या, म्हणजे टचलाइनच्या बाहेर, पोत्यावर. करवंटीची कपची मातीत दडून बसते आणि घसरणाऱ्या पहिल्या खेळाडूच्या मांडीत जाते. हार घातलेला काचेचा फोटो टेबलावर असतो तोही गोलमागे किंवा रेषेला लागून ठेवू नका. स्टेजच्या बाजूला, बॉल पोचणार नाही असा ठेवा. झेंडूच्या पाकळ्या मैदानात उधळू नका. त्या कोरड्या मुरुमावर चेंगरल्या की पाय सरकतो.

मौन एकच मिनिट ठेवा. दोन मिनिटं ठेवली की लहान मुलं आणि रस्त्यावरचे हॉर्न मिळून दुसरं मिनिट मोडतात. दोन्ही संघ मधल्या वर्तुळावर, पंचांच्या शिट्टीने सुरू आणि शिट्टीनेच समाप्त. मौन का आणि किती वेळ हे निवेदकाने आधीच सांगायचं, मग ॲम्प्लिफायर बंद करायचा, नुसता माइक खाली ठेवून भागत नाही. तो गुणगुणत राहतो. जनरेटरही मिनिटभर बंद. ‘अमर रहे’च्या घोषणा शिट्टीनंतर. १० फेब्रुवारी २००८ ला, मँचेस्टर युनायटेडचा संघ ज्यात सापडला होता त्या म्युनिक विमान अपघाताच्या पन्नासाव्या स्मृतीला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि सिटी समोरासमोर होते. कट्टर विरोधी पाठीराखे मौन पाळतील का याची सगळ्यांना धास्ती होती. त्यांनी ते पाळलं. युनायटेडचे खेळाडू त्या दिवशी जाहिरात नसलेल्या, १ ते ११ नंबरच्या जुन्या धर्तीच्या जर्सीत खेळले. साधी जर्सी आणि पाठीवर नंबर, हे आपल्यालाही परवडतं.

त्यांचा नंबर जितका, त्या मिनिटाला टाळ्या, हा प्रघातही चांगला. फिओरेंतिना या इटालियन क्लबाचा दाविदे अस्तोरी मार्च २०१८ मध्ये गेला, तेव्हा क्लबाच्या पुढच्या सामन्यात १३ व्या मिनिटाला खेळ थांबवून टाळ्या झाल्या, कारण त्याचा नंबर १३. आपल्याकडे खेळ थांबवायची गरज नाही. नंबर नऊ असेल तर नवव्या मिनिटाला निवेदकाने एक वाक्य बोलावं आणि लोकांनी उभं राहावं. गोल केल्यावर जर्सी काढून आतला फोटो दाखवायचा विचार कुणी करत असेल तर त्याला आधीच सांगा, पिवळं कार्ड मिळतं. मॅराडोना गेल्यावर २९ नोव्हेंबर २०२० ला मेस्सीने गोल करून आतली न्यूवेल्स या मॅराडोनाच्या जुन्या क्लबाची जर्सी दाखवली, त्यालाही मिळालं होतं.

सगळ्यात जास्त लक्ष हवं ते जुन्या खेळाडूंच्या तब्येतीकडे. पंधरा वर्षांनी बूट घातलेला पंचावन्न वर्षांचा माणूस, समोर ओळखीचं पब्लिक, आणि मित्राच्या आठवणीने भरून आलेलं मन. तो झेपणार नाही एवढा पळतो. ज्येष्ठांच्या सामन्यात हाफची वेळ कमी करायला आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत घ्यायला नियम परवानगी देतात, त्याचा पुरेपूर उपयोग करा. प्रत्येकी १६ ते १८ जण, दर दहा मिनिटांनी बदल. जेवण सामन्यानंतर. पंधरा मिनिटं वॉर्म-अप सक्तीचा. बीपी-शुगरची गोळी घेतली का, हे नाव घेऊन विचारायला एक माणूस नेमा. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखणं, गार घाम, दम न सरणं यांपैकी काहीही झालं तर बाहेर, आणि परत आत नाही.

५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबाचा क्रिस्टियानो ज्युनिअर मोहन बागानविरुद्ध गोल करताना गोलकीपरशी धडकून कोसळला आणि गेला. दोन्ही गोल त्याचेच होते. डेम्पोने त्याचा १० नंबर निवृत्त केला. २०२१ च्या युरोमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन हृदय थांबून कोसळला, पण छातीवर दाब आणि शॉकचं यंत्र काही मिनिटांत मिळालं आणि तो वाचला. म्हणून मैदानावर किमान दोघांना सीपीआर येत असला पाहिजे: छातीच्या मध्यभागी, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास, श्वास देता येत नसेल तर नुसते दाब, न थांबता. १०८ ला फोन कोण करणार हे आधी ठरवा. मिरजेत दवाखान्यांची वाण नाही, अँब्युलन्स उभी करता येते. अडतं ते गेटवर: गेटसमोर दुचाक्या लागलेल्या असतात आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे तो चहा प्यायला गेलेला असतो. गेट उघडं, रस्ता मोकळा, आणि तिथे एक माणूस सामना संपेपर्यंत उभा.

रक्तदान ठेवायचं असेल तर त्याला फुटबॉलमध्ये जुना आधार आहे. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात १६ प्रेक्षक गेले. कोलकात्यात त्या दिवशी त्यांच्या नावाने रक्तदान होतं. फक्त खेळणाऱ्यांनी त्या दिवशी रक्त देऊ नये. रक्त दिल्यावर त्या दिवशी जोराचा व्यायाम टाळायचा असतो, त्यामुळे शिबिर प्रेक्षकांसाठी. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५.

नंबर निवृत्त करावा का, यावर क्लबात वाद होतो. मोठ्या क्लबांना ते शोभतं. आपल्या क्लबाने तो नंबर दर वर्षी त्या जागेवर खेळणाऱ्या नव्या पोराला द्यावा, आणि देताना शेंगदाण्यांचा तो फोटो दाखवून सांगावं की ते काका इथे, एरियाबाहेर थांबायचे.

सामना संपला की स्कोअरशीट पंच आणि दोन्ही कप्तानांच्या सहीने पूर्ण करा: खेळाडू, नंबर, गोल, मिनिट. बॉल घरच्यांना द्यायचा असेल तर आधी पुसून कोरडा करा, सह्या फिक्या भागांवर परमनंट मार्करने घ्या, बाजूला तारीख टाका आणि हवा थोडी कमी करा. फुगवून कपाटात ठेवला तर शिवणीवर ताण राहतो. त्याच भेटीत नोंदवहीची एक प्रत, स्कॅनचा पेनड्राइव्ह आणि आणलेले सगळे मूळ फोटो परत करा. सही केलेली पावती सोबत न्या आणि आकडा वहिनींच्या समोर मोजून जुळवा.